भरतीची पट्टी वाचणारे लहानूजी

प्रीतीला नोकरीवर रुजू होऊन तिसराच दिवस होता आणि तिला वांग्याच्या भाजीवर घालायला कोथिंबीर हवी होती. रत्नागिरीच्या दक्षिणेला, एका खाडीच्या तोंडाशी मच्छीमार होड्यांसाठी जेटी बांधायचं काम सुरू होतं. त्या कामावर नागपूरच्या नंदनवन भागातली ही पंचवीस वर्षांची इंजिनीअर पोरगी एकटीच राहायला आली होती. गावात दुकान एकच. ती गेली आणि म्हणाली, "काका, सांभार आहे का?"

दुकानदारानं फळीवरून एक पुडी काढून तिच्यापुढं ठेवली. सांबार मसाला.

"मसाला नाही हो. सांभार. हिरवा."

"हिरवा सांबार?" दुकानदार विचारात पडला. "इडलीबरोबरचा तर पिवळा असतो ना?"

प्रीतीनं हातांनी जुडी करून दाखवली, पानं दाखवली. दुकानदारानं पालक वर धरला, मग शेपू. तेवढ्यात तिच्या मागं कुणीतरी इतकं खळखळून हसायला लागलं की तिनं चिडून वळून पाहिलं. साठीला टेकलेला एक उंच, वाळका माणूस, डोक्याला मफलर, काखेत भली मोठी काळी छत्री, हसून हसून डोळे पुसत होता.

"अरे बाप्पा, तिले कोथिंबीर पाह्यजे," तो दुकानदाराला म्हणाला. "आमच्याकडं तिलेच सांभार म्हनतेत." मग प्रीतीकडं वळला. "नागपूरची हायेस का वं?"

"हाव," ती म्हणाली. तीन दिवस तोंड आवळून 'हो, हो' म्हणत होती. हा पहिला मोकळा 'हाव' निघाला आणि तिला एकदम रडूच येईल असं वाटलं.

"नागपुरात कुठी?"

"नंदनवन."

"घ्या! आमची पिठाची चक्की हाये तिथी."

"रंभाबाईंची चक्की?" प्रीती ओरडलीच. लहानपणापासून ज्वारीचा डबा घेऊन ती शेकडो वेळा त्या चक्कीवर गेली होती. "मग तुम्ही रंभाबाईंचे..."

"नवरा," तो माणूस म्हणाला. "कागदावर चक्कीचा मालक बी मीच हाओ. पन चक्कीले ते माहीत नाही."

हे लहानूजी. प्रीतीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं याचं कारण साधं होतं. ती जन्मायच्याही आधीपासून ते समुद्रावर होते. मोजणीच्या एका पथकाबरोबर खलाशी म्हणून, म्हणजे खांब धर, साखळी ओढ अशा कामांसाठी, ते तीन महिन्यांकरता म्हणून कोकणात आले. पथक एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर सरकत गेलं, लहानूजीही सरकत गेले, आणि तीन महिन्यांची तीस वर्षं झाली. घरी जायचे ते दिवाळीला आणि पोळ्याला.

त्यांचं काम आता एवढंच होतं. जेटीच्या खांबाला आकडे रंगवलेली एक उभी पट्टी ठोकलेली होती, तिचं खालचं टोक पाण्यात. दर अर्ध्या तासानं पाणी कितव्या आकड्यावर आहे ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. मधल्या वेळात लहानूजी स्टुलावर छत्री उघडून बसत, आणि बसत ते समुद्राकडं पाठ करून, गावाच्या रस्त्याकडं तोंड करून.

"काकाजी, लोकं पैसे देऊन समुद्र पाहायला येतेत आणि तुम्ही पाठ करून बसता?" प्रीतीनं एकदा विचारलं.

"त्याले काय पाहाचं? तो कुठी जाऊन राहिला?" लहानूजी म्हणाले. "रस्त्यानं कोनी ना कोनी जाते-येते. दोन गोष्टी होतेत."

आणि गोष्टी होतही. मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया, शाळेतून सुटलेली पोरं, सिमेंटच्या ट्रकचे ड्रायव्हर, सगळे दोन मिनिटं त्या स्टुलापाशी थांबत. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची होडी कुठं गेली, लहानूजींना सगळं ठाऊक. गावच्या बायका त्यांना हौसेनं सुरमई आणून देत आणि ते ती तितक्याच प्रेमानं शेजाऱ्याला देऊन टाकत. मासा ते खात नसत. सावजीचं मटण म्हटलं तर ताटाला भोक पडेपर्यंत जेवणारा माणूस, पण मासा नाही. "काटे काढत बसाले मी काय घड्याळजी हाओ?" म्हणायचे.

घाई हा प्रकारच त्यांना माहीत नव्हता. एकदा मुंबईहून आलेला एक तरुण साहेब घड्याळ दाखवत म्हणाला, "जरा लवकर आटपा, मला आजचे भरतीचे आकडे घेऊन निघायचंय." लहानूजींनी त्याला स्टूल पुढं केलं. "बसा साहेब. मी तं तयार हाओ. पान्याले सांगा तुमी." साहेब बसला आणि त्यांच्या डब्यातल्या चिवड्यावर दोन तास राहिला.

चौथ्या महिन्यात प्रीतीच्या हातून चूक झाली, आणि चांगलीच मोठी.

जेटीच्या तळाशी काँक्रीट ओतायचं काम ओहोटीतच करावं लागतं. पाणी उतरलं की ओतायचं आणि भरती परत यायच्या आत ते घट्ट व्हायला हवं. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तिनं पहाटेपासून माणसं लावली. भरतीची वेळ वेळापत्रकात पाहिली होती, पण नजर एक ओळ खाली घसरली आणि तिनं उद्याची वेळ आजची म्हणून धरली. रोज भरती पन्नासएक मिनिटं पुढं सरकते. तेवढी नसलेली मिनिटं हाताशी आहेत असं ती धरून चालली.

आठच्या सुमाराला लहानूजी छत्री टेकत आले. "पोरी, पानी आज जरा लवकर येईन, असं दिसते."

"वेळापत्रक पाहिलंय मी, काकाजी," ती मान वर न करता म्हणाली. मिक्सरचा आवाज, माणसांची ओरड, तिच्या कपाळावरून घाम गळत होता.

"बरं," लहानूजी म्हणाले आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

पाणी आलं. आधी साच्याच्या फळ्यांमधून नुसतं पाझरलं, मग एक लाट वरून आली आणि मऊ काँक्रीटवर पसरून परत गेली, जाताना वरचा थर घेऊन गेली. अर्ध्या तासात दोन फळ्या सुटून खाडीत तरंगू लागल्या. एका म्हाताऱ्या कोळ्यानं होडी घालून त्या आणून दिल्या. मोठे साहेब जीपमधून उतरले ते ओरडतच. वीस माणसांसमोर त्यांनी प्रीतीला विचारलं की तुला वाचता येतं की नाही. ती हेल्मेट हातात धरून खाली पाहत उभी राहिली.

"साहेब," मागून लहानूजींचा आवाज आला, "चूक माही हाये. मले दिसून राहिलं होतं. मी पोरीले हळू सांगतलं. जोरानं सांगाले पाह्यजे होतं."

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. "लहानूजी, तुम्ही जन्मात कधी जोरानं बोललाय का?"

"तेच तं. सवय नाही ना."

मजुरांपैकी कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरा, आणि साहेबांनाही राग धरून ठेवणं जमेना. ओतलेलं सगळं फोडून पुन्हा करावं लागलं. पंधरा दिवस गेले. पण त्या दिवशी निदान ओरडा तिथंच थांबला.

संध्याकाळी प्रीती स्टुलापाशी येऊन वाळूत बसली. "मी चालली नागपूरले. नाही जमत मले हे."

"जाय ना," लहानूजी सहज म्हणाले. तिला वाटलं होतं ते समजूत घालतील. त्यांनी चिवड्याचा डबा पुढं केला. "गाडी परवाची हाये. उद्या मोकळीच हायेस तं एक काम कर. माह्या जागी बस. मले केस कापाले जायाचं हाये, दोन महिने झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ओहोटी पार तळाला असताना, प्रीती त्या स्टुलावर बसली. दर अर्ध्या तासानं उठायची, पट्टीवरचा आकडा पाहायची, लिहायची. पहिल्या तासात पाणी जेमतेम हललं. तिला कंटाळा आला, स्वतःचा राग आला, थोडं रडूनही झालं. तिसऱ्या तासाला पाणी असं चढायला लागलं की दोन नोंदींमध्ये पट्टीवरची बोटभर नव्हे, चांगली हातभर रेघ गायब होऊ लागली. आणि दुपार जवळ आली तसं ते पुन्हा मंदावलं, वर येऊन जरा वेळ थबकलं. कॉलेजात ही वक्ररेषा तिनं परीक्षेत काढली होती, तिला मार्कही मिळाले होते. पण मधल्या दोन तासांत समुद्र कसा धावत येतो हे तिला त्या दिवशी कळलं. काल तिची चोरीला गेलेली मिनिटं नेमकी त्या धावण्यातली होती.

लहानूजी बाराला आले. केस बारीक, दाढी गुळगुळीत, मानेवर पावडर. सहा तासांत गावातल्या निम्म्या ओसऱ्या त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. त्यांनी वही हातात घेऊन सगळे आकडे वाचले.

"अक्षर चांगलं हाये तुयं," ते म्हणाले.

परवाची गाडी प्रीतीशिवायच गेली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर जेटीवर एक पेटी बसली. ती स्वतःच पाण्याची पातळी मोजायची आणि आकडे थेट ऑफिसात पाठवायची. लहानूजींची नोकरीही तेव्हाच संपत होती. सगळ्या साइटवर जणू कुणाच्या घरचं कुणी जाणार असल्यासारखं वातावरण. निरोपाच्या दिवशी एकटे लहानूजी ती पेटी फडक्यानं पुसत म्हणत होते, "बरं झालं तू आली. माही पाठ अवघडून राहिली होती."

"समुद्राशिवाय करमणार नाही हो तुम्हाला," कोळणी म्हणाल्या. प्रीतीलाही तसंच वाटलं. एकतीस वर्षं ज्यानं भरती-ओहोटीच्या हिशेबानं दिवस काढले, तो नंदनवनच्या गल्लीत काय करणार?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती चक्कीवर गेली. वाटेत मनाशी जुळवत होती, त्यांना काय सांगायचं, धीर कसा द्यायचा. गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि थांबली. चक्कीच्या पट्ट्याचा फट-फट आवाज चालू होता, दारातून पिठाचा पांढरा धूर येत होता, आणि बाहेर कडुनिंबाखाली लहानूजी प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय पसरून बसले होते. समोर भाजीचा ठेला थांबलेला. लहानूजी ठेलेवाल्याशी बोलत मेथी निवडत होते, आणि भुवयांवर पीठ बसल्यानं दहा वर्षांनी म्हातारे आणि वीस वर्षांनी सुखी दिसत होते.

"ये वं पोरी! बस. चहा ठेव गा सुमंत!" त्यांनी आत आवाज दिला. सुमंत म्हणजे त्यांचा मुलगा, कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा व्यापार करायचा, सणाचा म्हणून घरी होता.

प्रीतीनं शेवटी विचारलंच. "काकाजी, समुद्राची आठवण येते का?"

लहानूजींनी खरोखर विचार केला. मेथीची एक काडी मोडली. "नाही वं," ते म्हणाले. "तिथी बसून इथली येत नव्हती, इथी बसून तिथली येत नाही."

चक्की बंद झाली. आतून रंभाबाई दाराशी आल्या, कमरेला पदर खोचलेला, हातात पितळी माप. "इथली येत नव्हती म्हंजे? माही बी नाही का?"

"तुयी येत होती," लहानूजी घाईनं म्हणाले. प्रीतीनं त्यांना घाई करताना हे पहिल्यांदा पाहिलं. "मी गल्लीचं सांगून राहिलो."

रंभाबाई प्रीतीशेजारी पोत्यावर टेकल्या. साठीच्या जवळची, भरल्या अंगाची बाई. एकतीस वर्षं एकटीनं चक्की चालवली होती, मुलगा वाढवला होता, सासू-सासऱ्यांचं केलं होतं. पिठाचे हात झटकत त्यांनी विचारलं, "तू तं इंजिनीअर हायेस. मले एक सांग. कसा असते वं समुद्र?"

"काकाजींनी नाही सांगितलं?"

"यायले मी एकतीस वर्षांपासून विचारून राहिली. काय म्हनतेत, माहीत हाये? 'पानी हाये. वर येते, खाली जाते.'" रंभाबाईंनी हात कपाळाला लावला. "एवढं तं आमची विहीर बी करते!"

प्रीती हसली, पण सांगायला गेली तेव्हा तिलाही सांगता येईना. मोठा असतो, म्हणाली. आवाज असतो त्याला. रंभाबाई तोंडाकडं पाहत राहिल्या, जणू एखादं दार किलकिलं झालंय आणि आतलं दिसत नाही. "तुम्ही गेला नाही कधी?" प्रीतीनं विचारलं.

"चक्की कोन पाहाते?"

ते उत्तर इतकं तयार होतं की प्रीतीला कळलं, हे कितीतरी वेळा दिलं गेलंय, आणि बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसताना. ती म्हणाली, "डिसेंबरात जेटीचं उद्घाटन आहे. तुम्ही दोघं या. माझ्या खोलीवर उतरा."

"काहून उगाच?" लहानूजी म्हणाले. "दोन गाड्या बदला, रात्रभर बसा. पानीच तं हाये."

सुमंत चहाचे कप घेऊन बाहेर आला होता; त्यानं आईकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चक्की मी पाहातो चार दिवस. तिकिटं आजच काढतो."

"तुले गहू अन् ज्वारीची जाळी बदलता येते का?" रंभाबाईंनी विचारलं.

"तू शिकव ना. महिना हाये अजून."

रंभाबाईंनी त्याला महिनाभर शिकवलं आणि निघायच्या दिवशी सकाळीही पुन्हा एकदा सगळं करून दाखवायला लावलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोघं आले, बरोबर संत्र्यांची पेटी. लहानूजी रिक्षातून उतरले तसे माणसांनी वेढले गेले. कोळणी, ड्रायव्हर, मजूर, सांबार मसालावाला दुकानदार. रंभाबाई मात्र त्या गर्दीत थांबल्या नाहीत. वाळूच्या उंचवट्यावर चढून त्या पलीकडं गेल्या, आणि प्रीती त्यांच्या मागं गेली.

समोर समुद्र होता. ओहोटी नुकतीच लागली होती, उन्हात सगळं पाणी चमकत होतं. रंभाबाई उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "पलीकडचा काठ नाही याले."

"नाही," प्रीती म्हणाली.

"अन् हा मानूस म्हनते, पानी हाये."

त्यांनी चपला काढून नीट शेजारी-शेजारी ठेवल्या, लुगडं वर खोचलं आणि चालायला लागल्या. घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत. लाट आली की ओरडायच्या, ती गेली की आणखी दोन पावलं पुढं. प्रीती "काकू, बस!" म्हणत मागं होती, पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. गुडघ्याच्या वर पाणी गेलं.

तेवढ्यात उंचवट्यावर लहानूजी आले. त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या काखेतली छत्री खाली पडली.

"रंभा!" ते ओरडले. "रंभा, मागं ये!"

सगळा किनारा वळून पाहू लागला. त्या माणसाच्या छातीत एवढा आवाज आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पाण्यात रंभाबाईही वळल्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. लग्न झाल्यापासून ते त्यांना 'सुमंतची माय' किंवा नुसतं 'ऐकते का' म्हणत आले होते. नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

"काय म्हनलं?" त्यांनी पाण्यातून विचारलं.

"मागं ये म्हनलं!"

"त्याच्या आंधी काय म्हनलं?"

लहानूजी धावत पाण्यापर्यंत आले आणि थबकले. "मले पोहता येत नाही वं!"

"एकतीस वर्षांत शिकले नाही?" रंभाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"कोन पान्यात जाते? मी कधी घोट्याच्या वर गेलोच नाही!"

मागं कोळणी हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. लहानूजींनी पँट वर दुमडली, देवाचं नाव घेतलं आणि आत शिरले, प्रत्येक पावलाला वाळू चाचपत, हात दोन्ही बाजूंना पसरून. बायकोपाशी पोचले आणि त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. तिला आधार द्यायला आले होते की घ्यायला, ते सांगणं अवघड होतं. तेवढ्यात एक लाट आली, फार मोठी नव्हे, पण दोघांचाही तोल गेला आणि दोघंही पाण्यात बसली, गळ्यापर्यंत.

प्रीती धावली. पण ती पोचण्याआधीच तिला हसू ऐकू आलं. रंभाबाई हसत होत्या, तोंडातलं खारं पाणी थुंकत, विस्कटलेले पांढरे केस मागं सारत. आणि लहानूजी त्यांच्याकडं पाहून हसत होते, खळखळून, डोळे पुसायलाही हात कोरडा नाही म्हणून तसेच. लहानूजींच्या पायातली एक चप्पल वाहून चालली होती. "जाऊ द्या," ते म्हणाले. "दुसरी घेऊ."

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला भाषणं झाली, फीत कापली गेली, पण रंभाबाई त्या वेळी पुन्हा पाण्यात होत्या. चारचे सहा दिवस झाले. सुमंतनं फोनवर सांगितलं की चक्की ठीक आहे, एका बाईच्या गव्हात थोडी ज्वारी गेली, पण ती पोळ्या चांगल्या झाल्या म्हणाली.

मे महिन्यात प्रीती नागपूरला आली, उन्हानं गल्ली ओस पडलेली. आईनं तिच्या हाती ज्वारीचा डबा दिला आणि ती चक्कीवर गेली. आत कूलरसमोर पाच-सहा बाया आपापल्या डब्यांवर बसल्या होत्या, दळण कधीच झालेलं, तरी कुणी उठत नव्हतं. रंभाबाई समुद्र सांगत होत्या. लाट कशी पायाखालची वाळू ओढून नेते, संध्याकाळी पाण्याचा रंग कसा तांब्याच्या हंड्यासारखा होते, खेकडा तिरपा कसा पळते.

कोपऱ्यातल्या खुर्चीत लहानूजी बसले होते, मांडीवरच्या सुपात भुईमुगाच्या शेंगा, हातातली शेंग तशीच अर्धी फोडलेली. त्यांनी प्रीतीला पाहिलं, बोट ओठांवर ठेवून तिला शेजारी बसायची खूण केली, आणि बायकोला म्हणाले, "मंग? पुढं काय झालं?"